चांदा प्रदेशाचे भूवैज्ञानिक नकाशे
वर्धा, वैनगंगा व प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यांचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार केलेले नकाशे. त्यांत मुख्यत्वे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा प्रदेश येतो (गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला). हे नकाशे एका पुठ्ठ्यात बांधलेले नसून संस्थेच्या संस्मरणग्रंथांना घड्या घालून जोडलेले असत. ग्रंथ हाताळताना ते घड्यांवर फाटत वा सुटे होऊन हरवत. त्यामुळे नकाशासह संपूर्ण राहिलेली प्रत दुर्मिळ मानली जाते.

नागपूरचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाल्यावर चांदा ब्रिटिश अंमलाखाली आला. निजामाकडून १८६० मध्ये मिळालेल्या मुलखाचा अपर गोदावरी हा जिल्हा करण्यात येऊन सिरोंचा हे त्याचे ठाणे झाले; १८७४ मध्ये सिरोंचाचा भाग चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. या सीमाप्रदेशातून गोदावरी व प्राणहिता यांच्या मार्गे समुद्रापर्यंत जलवाहतूक करण्याची योजना सरकारने हाती घेतली होती, पण खडकाळ अडथळ्यांमुळे १८७१ मध्ये ती सोडून देण्यात आली. नदीची जागा रेल्वेने घेतली आणि रेल्वेला दगडी कोळसा हवा होता. प्रदेशाच्या भूवैज्ञानिक नकाशांमागील तातडी या गरजेतून आलेली आहे.

सरकारी सर्वेक्षणापूर्वीच स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) या नागपूरच्या मिशनऱ्यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह या भागातील खडक व जीवाश्म (शिळारूप झालेले अवशेष) गोळा केले होते. मांगली येथे सापडलेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. सिरोंचाजवळील कोटा येथील चुनखडकातील माशांचे जीवाश्म त्याआधीच, १८५१ मध्ये, लंडनमधील विद्वानांपर्यंत पोहोचले होते. चांद्याचे नाव यूरोपातील शास्त्रज्ञांना कोळशाआधी जीवाश्मांमुळे कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

सर्वेक्षणाचे काम साधारणपणे पावसाळा संपल्यावर सुरू होई व उन्हाळ्यात थांबे. जंगल व माती यांनी झाकलेल्या मुलखात खडक उघडे दिसत ते मुख्यतः नदी-नाल्यांच्या काठी. दोन नाल्यांत दिसलेल्या थरांचा संबंध जोडून मधली सीमा अनुमानाने आखावी लागे. मोठ्या प्रमाणावरील नकाशा नसेल तेथे ‘इंडियन ॲटलास’ या मालेतील, एका इंचास चार मैल अशा प्रमाणाचे तक्ते पायाभूत म्हणून वापरीत. वर्धा खोऱ्यात आणखी एक अडचण होती. कोळसा बाराकार थरांत असतो, परंतु पुष्कळ ठिकाणी त्यांवर कामठी वालुकाश्माचे जाड आच्छादन आहे. त्यामुळे केवळ पृष्ठभागावरील रंग पाहून कोळशाचा माग लागत नसे. ठिकठिकाणी वेधने घ्यावी लागली. टी. डब्ल्यू. एच. ह्यूझ यांनी या कामाचे फलित द वर्धा व्हॅली कोलफील्ड (१८७७) या संस्मरणात मांडले. वरोरा येथील खाण १८७१ मध्ये सुरू झाली होती; ती १९०६ मध्ये बंद पडली. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरील विल्यम किंग यांचे संस्मरण १८८१ मध्ये निघाले [⟶ गोंडवनी संघ].

कोळशाच्या शोधातूनच एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. चांद्याच्या पश्चिमेस इरई गावाजवळ तालचेर गोलाश्म थरांखालील चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला व त्यावर समांतर चरे पडलेले फ्रान्सिस फेडन यांना आढळले. १८७५ मध्ये त्यांनी हा बर्फाच्या कार्याचा पुरावा असल्याचे प्रतिपादन केले. आज देशातील अत्यंत उष्ण भागांत गणल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात एके काळी हिमनद्या होत्या, हे पुढे सर्वमान्य झाले.

नकाशांतील तपशील मात्र सर्वत्र सारखा नाही. गोंडवनी खडकांच्या पट्ट्यात छटांची गर्दी आहे. वैनगंगेच्या पूर्वेस, चामोर्शीपासून पुढे, पट्टिताश्मांचा (नाइसांचा) मुलूख लागतो आणि तेथे वर्गीकरण विरळ होते. या खडकांत कोळसा असणे शक्य नव्हते, म्हणून त्यांत अधिक फोड करण्याची निकड कोणाला वाटली नाही. पुरातत्त्वाची दृष्टी वेगळी होती. चामोर्शीनजीकच्या मार्कंडा येथील मंदिरसमूहाची पाहणी अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी याच दशकात बारकाईने केली. पूर्वेकडील जंगल अज्ञातही नव्हते. वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे आणि लोहखनिज लाकडी कोळशावर गाळणाऱ्या स्थानिक कारागिरांच्या भट्ट्या जिल्ह्यात चालू होत्या. सरकारी नकाशाला त्यांच्या ज्ञानाची जागा नव्हती.

लोखंडाचा प्रश्न पुढे मोठा ठरला. चांद्यातील लोखंड-उद्योगाच्या शक्यतेविषयी रिटर फोन श्वार्ट्‌स यांचा अहवाल १८८२ मध्ये निघाला. तो जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला व लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांवर कारखाना उभारण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. वरोऱ्याचा कोळसा कोक करण्यास अयोग्य ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी सी. एम. वेल्ड या अमेरिकन भूवैज्ञानिकांनी चांद्यात पुन्हा शोध घेतला, पण निष्कर्ष प्रतिकूल निघाला. काम सोडल्याचे सांगण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरला गेले असता तेथील संग्रहालयात मध्य प्रांताचा भूवैज्ञानिक नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यात दुर्गचा भाग लोहखनिजदर्शक गडद रंगात होता. त्या भागातील लोखंडाविषयी प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये लिहिले होते. दल्ली-राजहरा टेकड्यांकडे टाटांचे लक्ष वळले ते असे. मयूरभंजातील गोरुमहिसानी येथील साठ्यांविषयी बोस यांनीच १९०४ मध्ये कळविल्यावर कारखाना अखेरीस साकची (जमशेटपूर) येथे झाला. दल्ली-राजहराचे खनिज पुढे भिलईला उपयोगी पडले. चांद्याला यांपैकी काहीच मिळाले नाही.

वैनगंगेच्या पूर्वेकडील लोहखनिजाचे मोठ्या प्रमाणावरील उत्खनन एकविसाव्या शतकात सुरू झाले. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांवरील खाणपट्टा २००७ मध्ये देण्यात आला. तेथे माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान असल्याने व उपजीविकेच्या जंगलावर गदा येत असल्याने ग्रामसभांनी विरोध केला. माओवाद्यांच्या हिंसाचारामुळेही काम रखडले. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले, त्याच वर्षी खाणीवरील बरीच वाहने जाळण्यात आली आणि काम नियमित झाले ते २०२१ पासून. या खनिजावर आधारलेला लोहप्रकल्प चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे उभारण्यात आला आहे.