२ ऑक्टोबर २०२१ : दुबईत चार गोल

संयुक्त अरब अमिरातीच्या महिला फुटबॉल संघाला भारतीय महिलांनी या दिवशी दुबईत ४-१ असे हरवले. यजमान संघ काही लिंबूटिंबू नव्हता. २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षे, अबू धाबीतच, त्याने पश्चिम आशियाई अजिंक्यपद पटकावले होते.

सामना झाला तो थियाब अवाना स्टेडियमवर. पाठमोरे उभे राहून टाचेने पेनल्टीचा गोल करणारा अमिरातीचा तरुण खेळाडू थियाब, २०११ मध्ये मोटार अपघातात गेला. मैदानाला त्याचेच नाव आहे.

भारताकडून मनीषा कल्याण, प्यारी खाखा, स्वीटी देवी आणि अंजू तमांग यांनी एकेक गोल केला. पंजाब, ओडिशा, मणिपूर, बंगाल. गोल करणाऱ्यांत महाराष्ट्राची मात्र एकही नाही, हे खटकतेच. कारण ही सारी तयारी होती आपल्याच मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होणाऱ्या आशियाई चषकासाठी. तिथे नवी मुंबईत, २० जानेवारी २०२२ रोजी, इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. मग संघात करोना शिरला. २३ तारखेला तैवानविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत, आणि यजमान भारत स्पर्धेबाहेर गेला.