एसाविराच्या चौकात हजरत बिलाल यांचे वारस

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर एसाविरा नावाचे छोटे शहर आहे. माराकेशहून पश्चिमेला बसने साधारण तीन तास. तटबंदीच्या आत पांढरी घरे, निळी दारे, मासळीचा वास आणि उन्हाळाभर थांबायचे नाव न घेणारा समुद्री वारा. बहुतेक वर्षी जून महिन्यात आठवड्याच्या अखेरीस इथे तीन-चार दिवस ग्नावा संगीताचा महोत्सव भरतो. तो 1998 साली सुरू झाला. काही लाख लोक येतात. मौलाय हसन चौकातल्या मोठ्या मंचासमोर तिकीट लागत नाही. मजूर, विद्यार्थी, बुरख्यातल्या आजीबाई, खांद्यावर पोर घेतलेले बाप, युरोपातून आलेले पाठपिशवीवाले, सगळे एकाच गर्दीत पहाटेपर्यंत उभे असतात.

ऐकायला काय मिळते? आधी एक जाड, खर्जातला सूर. तो गिंब्रीचा. एकाच लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेले, उंटाच्या कातड्याने मढवलेले हे तीन तारांचे वाद्य. वाजवणारा बोटांनी तार छेडतो आणि त्याच हाताने कातड्यावर थापही मारतो, म्हणजे सूर आणि ताल एकाच वाद्यातून. मग करकब सुरू होतात. हे लोखंडी टाळ. आपल्या वारकऱ्यांच्या टाळासारखे गोल नसून लांबट, दोन्ही टोकांना वाटीसारखे फुगलेले. दहा-बारा माणसे ते एकसाथ वाजवू लागली की घोड्यांची रांग दौडत यावी तसे वाटते. मुख्य गायक-वादकाला ‘मअल्लम’ म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे. मदरशात आणि हजयात्रेत आपण ज्याला मुअल्लिम म्हणतो, तोच हा.

ग्नावा म्हणजे कोण? सहाराच्या दक्षिणेकडून, आजच्या माली, नायजर, सेनेगल या भागांतून गुलाम म्हणून मोरोक्कोत आणलेल्या काळ्या माणसांचे वंशज. त्यांच्या गाण्यांत अरबीबरोबर बंबारा आणि हौसा भाषेतले शब्द येतात. त्यातल्या काहींचा अर्थ आज गाणाऱ्यालाही लागत नाही. रात्रभर चालणाऱ्या त्यांच्या विधीला ‘लैला’ म्हणतात, म्हणजे रात्र. तिच्या सुरुवातीच्या भागात ‘औलाद बंबारा’ची, बंबाराच्या लेकरांची गाणी असतात. पकडून आणणे, भूक, मालकाचे घर, आईपासून तुटणे, असे त्यांचे विषय. करकबचा आवाज बेड्यांच्या आवाजातून आला, असे ग्नावा सांगतात. तो मुद्दा सिद्ध करण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. आपल्या वाद्याबद्दल एखादा समाज हीच आठवण सांगतो, माझ्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

महोत्सव एसाविरातच भरावा हाही योगायोग नाही. या शहराचे जुने नाव मोगादोर. सुलतान सीदी मोहम्मद बिन अब्दुल्लाह यांनी 1760च्या दशकात ते व्यापारी बंदर म्हणून वसवले आणि आखणीसाठी थिओडोर कोर्नू या फ्रेंच अभियंत्याला नेमले. टिंबक्टूहून निघालेल्या काफिल्यांचा माल इथे जहाजांवर चढे. सोने, हस्तिदंत, शहामृगाची पिसे, डिंक. काफिल्यात माणसेही असत. ती मात्र बहुतेक जहाजावर चढत नसत, देशातच विकली जात. वाडे, शेते, स्वयंपाकघरे, लष्कर.

या लोकांनी आपला आध्यात्मिक पूर्वज म्हणून निवडले ते हजरत बिलाल (रजि.) यांना. एसाविरात ‘सय्यदना बिलाल’ यांच्या नावाची झाविया, म्हणजे खानकाह आहे आणि ग्नावांचे ते मुख्य ठाणे आहे. हजरत बिलाल हबशी आईच्या पोटी मक्केत गुलाम म्हणून जन्मले. मालक उमय्या बिन खलफ त्यांना तापल्या वाळूवर झोपवून छातीवर दगड ठेवी. हजरत अबू बकर (रजि.) यांनी त्यांना सोडवले. पुढे ते इस्लामचे पहिले मुअज्जिन झाले आणि मक्का जिंकल्यावर काबागृहाच्या छतावरून त्यांनी अजान दिली. ग्नावांच्या लोककथेत बीबी फातिमा एकदा रुसून बसल्या, तेव्हा बिलाल करकब वाजवत नाचले आणि त्यांना हसू आले. ही कथा हदीसमध्ये नाही आणि शोधायलाही जाऊ नये. सुटका झालेल्या गुलामाच्या घशातून जगातली पहिली अजान निघाली, हे ज्या लोकांना ठाऊक होते, त्यांनी आपल्या टाळांनाही त्याच घरात जागा करून दिली, एवढेच.

ग्नावांना मोरोक्कोतल्या कट्टर मौलवींनी नेहमीच नावे ठेवली. जिन्न, धूप, सात रंगांची वस्त्रे, अंगात येणे, यातले काही शरीयतीच्या चौकटीत बसवणे अवघड आहे, हे खरे. पण ‘काळ्यांचा धांगडधिंगा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सही बुखारीतला ईदचा प्रसंग आठवावा. मदिनेत ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते. प्रेषित (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना आपल्या आडोशाने तो पाहू दिला, त्यांचे मन भरेपर्यंत स्वतः उभे राहिले आणि खेळणाऱ्यांना प्रोत्साहनही दिले. त्या घटनेवरून संगीत हलाल की हराम हा निवाडा करता येणार नाही. परंतु आफ्रिकी माणसांचा उत्सव मदिना शहराने आनंदाने पाहिला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

आता थोडे अवघड प्रकरण. गुलामीचा विषय निघाला की आपण मुसलमान चटकन अमेरिकेकडे बोट दाखवतो. ऊस-कापसाचे मळे, युरोपियनांची जहाजे, ते सगळे खरेच आहे. ‘आमच्याकडे गुलाम मुक्त करणे पुण्य होते’, हेही खरे. मात्र सहारा ओलांडून माणसे विकणारे आणि विकत घेणारे बहुतांशी मुसलमान होते आणि ही बाजारपेठ शतकानुशतके चालली. सुलतान मौलाय इस्माईल (1672-1727) यांनी काळ्या गुलामांचे प्रचंड सैन्य उभारले. सैनिकांनी सही बुखारीवर हात ठेवून शपथ घेतली, म्हणून त्यांना ‘अबीद अल-बुखारी’ म्हटले गेले. हदीसचा तोच ग्रंथ! सैन्यभरतीसाठी देशभरातले काळे लोक धरून आणले, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र असलेले मुसलमानही होते. फेझ शहरातल्या उलेमांना या कृतीला मान्यता द्यायला सांगितले गेले. अब्दुस्सलाम जस्सूस या आलिमने सही करायला नकार दिला. स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करता येत नाही, ही त्यांची साधी भूमिका होती. 1709 साली त्यांना ठार मारण्यात आले. आपल्या मुस्लिम इतिहासाच्या पुस्तकांत सुलतानांची यादी असते, जस्सूस क्वचितच भेटतात.

त्यांच्याही आधी टिंबक्टूचे अहमद बाबा होऊन गेले. 1591 मध्ये मोरोक्कोच्या फौजेने तोफा-बंदुकांच्या बळावर सोंघाई साम्राज्य मोडले. त्यानंतर टिंबक्टूच्या विद्वानांना साखळदंडांत माराकेशला नेले, त्यांत अहमद बाबा होते. त्यांचे सोळाशे ग्रंथ लुटले गेले, आणि नातलगांमध्ये आपलाच संग्रह सर्वांत लहान होता असे ते सांगत. सुटून घरी परतल्यावर त्यांनी गुलामीवर एक पुस्तिका लिहिली. काळा रंग हे गुलामीचे कारण होऊ शकत नाही, हामच्या शापाची कहाणी निराधार आहे, मुसलमानाला विकणे नाजायज आहे, असे त्यांनी बजावले. गैरमुस्लिम युद्धकैद्यांच्या गुलामीला मात्र त्यांनी विरोध केला नाही. त्यांच्या विचारांची ती मर्यादा होती आणि ती झाकायचे कारण नाही.

अहमद बाबा 1627 मध्ये वारले. एक वर्ष आधी, 1626 मध्ये, इकडे दख्खनेत मलिक अंबर यांचे निधन झाले. दोघे समकालीन आणि दोघेही आफ्रिकी. एकजण विद्वान असून कैदी झाला, दुसरा इथियोपियात जन्मून बाजारांत विकला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ बनला. अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी म्हणजे आपले औरंगाबाद. त्यांची कबर खुलताबादेत आहे. मराठी माणसाला अंबरची जमीन महसूल पद्धत आणि गनिमी कावा माहीत असतो. पण अंबरसारखे सेनापती झाले नाहीत त्या हबशांचे काय झाले, हे आपण विचारत नाही.

त्यांचे वंशज सिद्दी. गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांची दरगाह आहे. अकीक दगडाच्या व्यापाराशी त्यांचे नाव जोडलेले आहे. मुंबईत एकेकाळी आगबोटींच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायला सिद्दी असत. बावा गोर त्यांचेही पीर. या सिद्दींच्या नाचाला ‘धमाल’ किंवा ‘गोमा’ म्हणतात. ‘गोमा’ हा आफ्रिकेतल्या ‘न्गोमा’ या शब्दाचा अवशेष आहे, ढोल आणि नाच या दोन्हींसाठी तो तिथे वापरतात. त्यांच्याकडचे मलुंगा हे धनुष्यासारखे एकतारी वाद्य ब्राझीलच्या बेरिंबाऊचे सख्खे भावंड शोभेल. आणि मोरोक्कोशी कधी गाठभेट नसलेले हे सिद्दीही हजरत बिलाल यांनाच आपला पूर्वज मानतात! आफ्रिकेच्या दोन वेगळ्या टोकांहून निघालेली माणसे, दोन वेगळ्या देशांत, एकाच नावापाशी येऊन थांबली.

सिद्दींची धमाल आपण पाहतो ती बहुधा हॉटेलात किंवा पर्यटन महोत्सवात. चेहऱ्यावर रंग, कमरेला मोरपिसे, नारळ हवेत उडवून डोक्यावर फोडायचा आणि लोकांनी शिट्ट्या मारायच्या. हीच मंडळी दरग्यात साध्या कपड्यांत बसून त्याच तालावर जिक्र करतात, तेव्हा बघायला कोणी नसते. मला हा नारळाचा खेळ खटकतो. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून त्यांना दोष देणार नाही. दोष पाहणाऱ्यांच्या नजरेचा आहे.

मंच आणि दरगाह यांतला हा पेच एसाविरातही आहे. मंचावर मअल्लमला तासभर मिळतो, तर लैला सूर्यास्तानंतर सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते. तिथे मुकद्दमा, म्हणजे विधी सांभाळणारी बाई, मअल्लमइतकीच महत्त्वाची असते. मंचावर ती दिसतच नाही. विधीचा तमाशा झाला, असे म्हणणारे जुने लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. पण दुसरी बाजूही वजनदार आहे. महोत्सवाआधी ग्नावा म्हणजे रस्त्यावर टोपी फिरवणारे, अशी प्रतिमा होती. आज मअल्लमचे नाव मोरोक्कोत आदराने घेतात. एसाविराचे मअल्लम महमूद गिनिया यांनी 1994 मध्ये अमेरिकेचे जॅझ सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स यांच्याबरोबर ध्वनिमुद्रिका केली. सँडर्सही गुलामांचेच वंशज. एकाचे पूर्वज वाळवंटातून नेले, दुसऱ्याचे समुद्रातून. ती ऐकताना दोघांपैकी कोणी पाहुणा वाटत नाही. गिनिया 2015 मध्ये गेले. आता मुलगा हुसाम गिंब्री वाजवतो. 2019 च्या डिसेंबरात युनेस्कोने ग्नावाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

बायकांनी गिंब्रीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. कासाब्लांकाची अस्मा हमझावी वडिलांकडून, मअल्लम रशीद हमझावींकडून, ती शिकली आणि तिने मुलींचा संच उभा केला. एसाविराच्या मंचावर ती मधोमध बसते, मांडीवर गिंब्री, दोन्ही बाजूंना करकब घेतलेल्या मुली. संचाचे नाव तिने ठेवले आहे ‘बनात टिंबक्टू’, टिंबक्टूच्या लेकी.