मोकळ्या जमिनीचा अर्थ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दादरला शिवसेना भवनासमोर आज जो काचेचा उंच मनोरा दिसतो, तिथे पूर्वी कोहिनूर गिरणी क्रमांक तीन होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली ही सुमारे पाच एकर जमीन ४२१ कोटी रुपयांना विकली. आता तिथे कार्यालये आहेत आणि महापालिकेचा सार्वजनिक वाहनतळही आहे. मोटार ठेवायला आलेल्या तरुणाला इथे एके काळी सूत निघत असे, हे सांगितले तर तो नवलाने बघेल. त्यात त्याचा दोष नाही. तशी खूणच फारशी राहिलेली नाही.

जुनी वास्तू पडली म्हणून मी गळा काढणार नाही. बंद पडलेली गिरणी कायम उभी ठेवा, असे कोणीच म्हणणार नाही. शहरे बदलतातच. प्रश्न निराळा आहे. वास्तू पडल्यावर खालची जमीन कोणाची? मुंबईत या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाच्या अर्थावर ठरले. मी कवितेचा माणूस, म्हणून मला त्या शब्दाची गोष्ट सांगावीशी वाटते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा, दादर असा गिरणगाव पसरला. करवतीच्या दातांसारखी छपरे, त्यांतून येणारा उत्तरेचा प्रकाश, उंच धुराडे आणि भोंगा. या भोंग्यावर सगळ्या वस्तीचे घड्याळ चाले. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपत. एक कामावरून आला की दुसरा पथारी मोकळी करून निघे. बहुतेकांची चाळ गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असे. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज लागेल.

गिरणी म्हणजे काही स्वर्ग नव्हता. विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे मराठे होते, तसे उत्तरेकडून येऊन मदनपुऱ्यात वसलेले मुसलमान विणकरही होते. हातमागावरचे पिढीजात कसब घेऊन ते यंत्रमागावर उभे राहिले. पण त्याच खात्यात दलितांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तो उष्टा धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. कामगारांची एकी आणि कामगारांतली शिवाशिव एकाच छपराखाली नांदत होती, हे विसरून गिरणगावाचा इतिहास सांगता येत नाही.

तरीही या छपरांखालून मराठीला पुष्कळ मिळाले. अण्णाभाऊ साठे आणि नारायण सुर्वे गिरणीत राबलेले. शाहीर अमर शेखांचा डफ याच वस्तीत घुमला. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हटले की लोक अजूनही मला अमर शेखांची आठवण करून देतात. तो वारसा मला कुणी घरातून दिलेला नाही. तो गिरणगावाने दिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. दरम्यान मुंबईतली जमीन सोन्याची झाली होती. कापड विणण्यापेक्षा गिरणीखालची जमीन विकणे फायद्याचे, हा हिशेब मालकांना कळायला वेळ लागला नाही.

गिरण्यांची जमीन थोडीथोडकी नव्हती. अठ्ठावन्न गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या मध्यभागी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचा ढोबळ अर्थ असा की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मैदाने व उद्यानांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. तीन भावांची वाटणीच म्हणा ना! १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने याच्याही पुढचा विचार मांडला. एकेक गिरणी सुटी न बघता जमिनी एकत्र धरून आराखडा करावा, असे तिचे सांगणे होते. ते कागदावरच राहिले.

मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी तशीच राहिली, ती कशाची करायची ते बदलले. आता फक्त ‘मोकळी’ जमीन वाटायची आणि मोकळी म्हणजे जिच्यावर आधीपासूनच बांधकाम नाही तेवढीच. शेड पाडून जी मोकळी होईल, ती वाटणीत नाही. गिरण्यांची आवारे तर शेडांनी भरलेली. मग वाटायला उरले काय? अंगणाचा तुकडा तिघांत आणि घर सगळे एकाचे!

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या नियमाने मालक पुढे येत नव्हते, कामगारांची देणी थकली होती, जमीन विकल्याशिवाय पैसा कुठून यायचा, हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पण देणी एकदाच द्यायची असतात. जमीन गेली की कायमची जाते.

प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा अर्थ लावला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१ चा नियम कायम केला. एका विशेषणाचा अर्थ ठरला आणि शहराचा वाटा आक्रसला.

त्यानंतर मनोरे झपाट्याने वर गेले. २००८ मध्ये आणखी एक नियम आला. बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला दिला, तर त्याला जादा बांधकामाची सवलत. मोटारीसाठी जागा काढली की वर मजले मिळत. चालणाऱ्यासाठी असा नियम कोणी केला नाही.

आता ते मघाचे वाक्य आठवा. गिरणी कामगार चालत येई. कार्यालयातला नोकरदार विरार, कल्याण, पनवेलहून गाडीने येतो. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले. स्थानकावरचा पूल मात्र अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्यानंतर लष्कराकडून नवा पूल बांधून घेतला गेला आणि २०१८ मध्ये स्थानकाचे नावही प्रभादेवी झाले. जमिनींचा एकत्र विचार केला असता तर हे टळले असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण लाखभर पावले कुठून जातील, हा प्रश्न निदान कुणाच्या तरी टेबलावर आला असता.

आणि कामगार? २०१२ मध्ये म्हाडाने त्यांच्यासाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज सुमारे दीड लाख होते. पुढच्या एका सोडतीतली घरे तर पनवेलजवळ कोनला निघाली. जिथे घाम गाळला तिथून कोसभर नव्हे, खाडीपलीकडे.

दादरलाच दुसरे उदाहरण आहे. इंदू मिलच्या जमिनीवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. ज्यांच्या लोकांना विणकाम खात्यात मज्जाव होता, त्यांच्या नावाने एक अख्खी गिरणी शहराला परत मिळाली. त्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरावे लागले. आपोआप काही झाले नाही.

गिरण्यांचे पान आता जवळजवळ उलटले आहे. पण मुंबई बंदराची सुमारे १,८०० एकर जमीन पूर्व किनाऱ्यावर आहे. म्हणजे गिरण्यांच्या तिप्पट. तिथली गोदामेही जुनी झाली आहेत आणि तिचेही आराखडे निघत आहेत. आराखड्याची भाषा रुक्ष असते, ती वाचायचा कंटाळा येतो, हे मला कबूल आहे. तरी हरकती मागवल्या जातात तेव्हा तो कागद हातात घ्या आणि ‘मोकळी’, ‘सार्वजनिक’, ‘शिल्लक’ असे शब्द दिसले की थांबा. त्यांचा अर्थ लिहून मागा, आणि तोही जमीन विकली जाण्याआधी.