शिरेतून दिले जाणारे द्रव

शिरेतून दिले जाणारे द्रव म्हणजे पाण्यात क्षार, शर्करा किंवा प्रथिने विरघळवून तयार केलेली निर्जंतुक द्रावणे होत. ती कॅन्युलाद्वारे थेट शिरेत सोडली जातात. बोलीभाषेत या सर्व द्रवांना सरसकट 'सलाईन' म्हटले जाते; तथापि सलाईन म्हणजे केवळ मिठाचे द्रावण असून तो या द्रवांपैकी एक प्रकार आहे. बहुतेक द्रव रंगहीन व पारदर्शक असल्याने बाटलीत एकसारखे दिसतात, परंतु शरीरात गेल्यावर त्यांतील पाणी वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचते. एका रुग्णास उपकारक असलेला द्रव दुसऱ्यास घातक ठरू शकतो. म्हणून या द्रवांची गणना औषधांत केली जाते.

इतिहास

१८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकीची साथ पसरली असता विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी रुग्णांच्या रक्तातील पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवून दिले. त्या आधारे स्कॉटलंडमधील लीथ येथील थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आले व तेथील वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक झाले. १८८०च्या दशकात सिडनी रिंगर यांनी हृदयाच्या स्पंदनासाठी कॅल्शियम व पोटॅशियमचे महत्त्व सिद्ध केले. १९३०च्या दशकात ॲलेक्सिस हार्टमन यांनी रिंगर यांच्या द्रावणात लॅक्टेट मिसळले. आजचे रिंगर लॅक्टेट हे त्याचेच रूप होय.

शरीरातील पाणी व परासरण

प्रौढ पुरुषाच्या वजनाच्या सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीत हे पाणी सुमारे ४२ लिटर भरते. त्यापैकी दोन तृतीयांश पेशींच्या आत व एक तृतीयांश पेशींच्या बाहेर असते. बाहेरील पाण्याचा साधारण एक चतुर्थांश भागच रक्तवाहिन्यांमध्ये रक्तद्रवाच्या रूपात असतो.

पेशीपटलातून पाणी सहज ये-जा करते, सोडियम मात्र मुख्यतः पेशीबाहेरच राहते. परासरणामुळे पाणी कमी संहत बाजूकडून अधिक संहत बाजूकडे वाहते. रक्तद्रवाची परासारिता साधारणतः दर किलोग्रॅम पाण्यामागे २७५ ते २९५ मिलिऑस्मोल असते. तिच्या तुलनेत द्रवांचे तीन गट पडतात.

* समपरासारी द्रव: पेशींचे आकारमान बदलत नाही. द्रव पेशींबाहेरच राहतो.
* अवपरासारी द्रव: पाणी पेशींत शिरते व पेशी फुगतात.
* अतिपरासारी द्रव: पाणी पेशींतून बाहेर ओढले जाते व पेशी आकसतात.

शुद्ध निर्जंतुक पाणी शिरेत दिल्यास तांबड्या पेशी फुटतात. म्हणून ते तसेच कधीही दिले जात नाही.

स्फटिकाभ द्रव

०.९ टक्के सलाईन: यास नॉर्मल सलाईन म्हणतात. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सोडियम व क्लोराइड प्रत्येकी १५४ मिलीमोल असतात. रक्तद्रवात क्लोराइड सुमारे १०० मिलीमोल असल्याने हा द्रव मोठ्या प्रमाणात दिल्यास रक्ताची आम्लता वाढू शकते. उलट्यांमुळे क्लोराइड घटलेल्या रुग्णास तो उपयुक्त ठरतो. रक्त चढवताना त्याच नळीतून देता येणारा हा नेहमीचा द्रव आहे.

रिंगर लॅक्टेट: एका लिटरमध्ये सोडियम सुमारे १३०, क्लोराइड ११० व पोटॅशियम ४ ते ५ मिलीमोल असून त्यात कॅल्शियम व लॅक्टेटही असतात. यकृतात लॅक्टेटचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते. पटकी, भाजणे, शस्त्रक्रिया व रक्तस्राव यांत याचा वापर होतो. यातील कॅल्शियममुळे साठवलेल्या रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून तो रक्ताबरोबर एकाच नळीतून देत नाहीत.

५ टक्के डेक्स्ट्रोज: हा द्रव बाटलीत जवळपास समपरासारी असतो. शरीरात ग्लुकोज वापरले जाताच केवळ पाणी उरते आणि ते पेशींतही शिरते. परिणामी हा द्रव अवपरासारी ठरतो. डोक्यास मार लागलेल्या रुग्णात त्यामुळे मेंदूची सूज वाढण्याचा धोका असतो.

०.४५ टक्के सलाईन: हा अवपरासारी द्रव पेशींतील पाणी कमी झाले असता देतात.

३ टक्के सलाईन: हा तीव्र अतिपरासारी द्रव आहे. सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटल्यास किंवा मेंदूवरील दाब वाढल्यास कडक देखरेखीखाली दिला जातो. दीर्घकाळ घटलेले सोडियम फार वेगाने वाढवल्यास मेंदूतील चेतातंतूंच्या आवरणास कायमची इजा होऊ शकते.

कलिल द्रव

अल्ब्युमिन, जिलेटिन व डेक्स्ट्रान यांसारख्या द्रवांतील मोठे रेणू रक्तवाहिन्यांत अधिक काळ टिकतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेफ' अभ्यासात अतिदक्षता विभागातील सुमारे ७,००० रुग्णांत अल्ब्युमिन व सलाईन यांची तुलना झाली. २८ दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हायड्रॉक्सीइथाइल स्टार्चमुळे गंभीर रुग्णांच्या मूत्रपिंडांस अपाय होत असल्याचे दिसल्याने त्याच्या वापरावर अनेक देशांत निर्बंध आले.

रक्तवाहिन्यांत उरणारा भाग

वितरणाच्या ढोबळ हिशेबाने एक लिटर नॉर्मल सलाईनपैकी सुमारे २५० मिलिलिटरच रक्तवाहिन्यांत राहते. उरलेले ऊतींत जाते. एक लिटर ५ टक्के डेक्स्ट्रोजपैकी मात्र जेमतेम ८० मिलिलिटर राहते. म्हणूनच रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाचे रक्ताभिसरण सावरण्यासाठी डेक्स्ट्रोज निरुपयोगी ठरते.

देण्याचा वेग

एका मिलिलिटरमागे पडणारे थेंब संचाच्या वेष्टनावर छापलेले असतात. साध्या संचात ते १०, १५ किंवा २० व सूक्ष्मथेंब संचात ६० असतात.

दर मिनिटास थेंब = द्रव (मिलिलिटर) × एका मिलिलिटरचे थेंब ÷ वेळ (मिनिटे)

उदाहरणार्थ, ५०० मिलिलिटर द्रव ४ तासांत २० थेंबांच्या संचाने द्यायचा असल्यास ५०० × २० ÷ २४० = ४१.७, म्हणजे मिनिटास सुमारे ४२ थेंब.

परिचर्या व दक्षता

* द्रव लावण्यापूर्वी रुग्णाची ओळख, लेखी आदेश, द्रवाचे नाव व संहती, मुदत, गढूळपणा आणि बाटलीची गळती तपासतात.
* संहत पोटॅशियम क्लोराइड शिरेत थेट टोचल्यास हृदय बंद पडू शकते. ते नेहमी विरल करून, बाटली उलटसुलट करून नीट मिसळून, हळूहळू देतात.
* सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक नवजात बालकास कॅल्शियमयुक्त द्रवासोबत देत नाहीत.
* कॅन्युलाजवळ सूज, गारवा किंवा वेदना असल्यास द्रव ऊतींत झिरपत असल्याची शक्यता असते. लाली व उष्णता ही शिरादाहाची लक्षणे होत.
* धाप लागणे, खोकला, मानेच्या शिरा फुगणे ही द्रव अतिरिक्त झाल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी द्रवाचा वेग कमी करून वैद्यकास तत्काळ कळवतात. वृद्ध, बालके आणि हृदय व मूत्रपिंडाचे रुग्ण यांना हा धोका अधिक असतो.
* शरीरात गेलेला व बाहेर पडलेला द्रव यांची नोंद ठेवतात. प्रौढात दर किलो वजनामागे तासाला किमान ०.५ मिलिलिटर लघवी होणे अपेक्षित असते.

गैरसमज व पर्याय

'सलाईन लावले की ताकद येते' अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात नॉर्मल सलाईनमध्ये ऊर्जा मुळीच नसते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सुमारे १०० किलोकॅलरी असतात. एका मध्यम भाकरीतून मिळणाऱ्या ऊर्जेहूनही हे प्रमाण कमी आहे. गरज नसताना शिरेत सुई घातल्याने जंतुसंसर्गाचा धोका मात्र वाढतो.

शुद्धीवर असलेल्या व पिऊ शकणाऱ्या रुग्णास तोंडाने जलसंजीवनी देणे बहुधा पुरेसे ठरते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे मिश्रण तोंडाने देण्याची व्यवस्था केली. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तीव्र निर्जलीकरण, बेशुद्धी किंवा सततच्या उलट्या असल्यास मात्र शिरेतून द्रव देणे अपरिहार्य असते.