आठ अक्षरांतला गणपती

लग्नपत्रिकेच्या माथ्यावरचा गणपती कोणी काढला, असे एखाद्या वऱ्हाड्याने विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. पत्रिका हाती पडली की आपण आधी मुहूर्त पाहतो, मग कार्यालयाचा पत्ता, आणि मग आहेराविषयीची ती तळाची ओळ. गणपती तेथे असतोच. तो नसता तरच कोणाच्या लक्षात आले असते. गेल्या पावसाळ्याआधी कांदिवलीच्या आमच्या घराचा माळा उपसताना हा प्रश्न मला प्रथम पडला, आणि त्याचे उत्तर काढण्यासाठी माझ्या पुतण्याला एक लहानसा घरगुती प्रोग्रॅम लिहावा लागला. ती हकीकत सांगावयाची तर थोडे मागे जाणे भाग आहे.

गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पहिले मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळेवर काढलेले चित्र त्या छपाईपुरतेच जगावयाचे. शिळा घासून दुसऱ्या कामाला घेतली की चित्र गेले. खिळ्यांच्या छपाईने अक्षराला जसा धातूचा देह दिला, तसाच पुढे चित्रालाही दिला. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात राबलेल्या जावजी दादाजींनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला, 1869 साली निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि देवनागरी खिळ्याला असे रूप दिले की निर्णयसागरी वळण हा शब्दच रूढ झाला. खिळ्यांच्या शेजारी छापखान्यांत फुले, वेलबुट्ट्या आणि किनारी येऊन बसल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ लाकडी ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा ठोकलेले चित्रांचे ब्लॉक आले.

माझ्या लहानपणी ज्या छापखान्यात मी हुंदडत असे, तेथे या ब्लॉकांचे लाकडी खण होते. कलश, श्रीफळ, सनईवाला, पादुका, मोर. ब्लॉकावर चित्र उलटे असते आणि वर शाईचा थर बसलेला, त्यामुळे हाती घेतलेला ब्लॉक कलशाचा की समईचा हे कळावयास तो उजेडात तिरका धरावा लागे. यावर तोड म्हणून छापखान्यात एक वही असे. प्रत्येक ब्लॉकाचा एकेक छाप तिच्यात घेतलेला आणि शेजारी खणाचा क्रमांक. गिऱ्हाईक वहीवर बोट ठेवी, पोऱ्या खण उघडी. काढणाराचे नाव वहीत कोठेही नसे. ते कोणाला हवे होते?

अमेरिकेत हाच व्यवहार कागदावर चाले. न्यूजर्सीतल्या हॅरी व्होल्क यांनी 1952 पासून तयार चित्रांच्या पुस्तिका वर्गणीदारांना धाडावयास सुरुवात केली. त्यांतले चित्र कात्रीने कापावयाचे आणि जाहिरातीच्या मजकुराशेजारी चिकटवावयाचे, म्हणून त्याचे नाव क्लिप आर्ट. संगणक आला तेव्हा कात्री गेली, नाव मात्र तेच राहिले. 1984 साली ब्रॉडरबंड कंपनीने 'प्रिंट शॉप' नावाचा प्रोग्रॅम बाजारात आणला. त्यातले प्रत्येक चित्र आडवे 88 आणि उभे 52 ठिपक्यांचे. आठ ठिपक्यांना एक बाइट या हिशेबाने एका ओळीस 11 आणि साऱ्या चित्रास 572 बाइट झाले. एवढ्या ठिपक्यांत गणपतीची सोंड मावेल, पण वळणार नाही.

आता कांदिवली. माझे थोरले बंधू आणि वहिनी यांनी 1992 साली दहाणूकरवाडीतल्या एका खोलीत संगणकावर पत्रिका जुळवून देण्याचा व्यवसाय मांडला. गिऱ्हाईक दोन्ही प्रकारचे. मराठी घरांच्या पत्रिका आणि गुजराती घरांच्या कंकोत्र्या. मजकूर लेझर प्रिंटरने ट्रेसिंग पेपरवर काढावयाचा आणि चारकोपच्या गाळ्यातल्या ऑफसेटवाल्याकडे द्यावयाचा. मराठी अक्षरांची तोवर सोय झाली होती. पुण्यात सी-डॅक ही संस्था 1988 पासून काम करीत होती, आणि पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची 'श्रीलिपी' छापखानेवाल्यांच्या तोंडी होती. अडले ते चित्रांपाशी. प्रोग्रॅमबरोबर आलेल्या फ्लॉप्यांत टर्की पक्षी होता, बर्फावरून घसरणारा माणूस होता, भोपळ्याला डोळे होते. वास्तुशांतीसाठी म्हणून जे घर सापडले त्याच्या छपरावर धुराडे होते. बंधूंनी तेच लावून दिले. यजमान पत्रिका पाहून म्हणाले, "घर छान आहे, पण गिरणीसारखं दिसतंय."

त्या दिवसापासून वहिनी चित्रे काढू लागल्या. शाळेत त्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, तेवढेच शिक्षण. रात्री ओटा आवरून झाल्यावर त्या काळ्या शाईने गणपती काढीत आणि सकाळी बंधू तो हाताने ओढावयाच्या स्कॅनरखाली घालीत. या स्कॅनरची रुंदी 105 मिलिमीटर. चित्र त्याहून मोठे असले तर दोन पट्ट्या घेऊन पडद्यावर जोडावयाच्या, आणि हात जरा हलला की गणपतीचे पोट एका बाजूस सरके.

खरी गंमत नावांची. एमएस-डॉसमध्ये फाइलीचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे, आणि तेही रोमन. गणपती रोमन लिपीत लिहिला की सात अक्षरे जातात. उरली एक जागा, तिच्यात अंक. म्हणजे गणपती नऊच. दहावा आला तेव्हा दोन अंकांना जागा करण्यासाठी बंधूंनी शेवटची आय काढून टाकली, आणि दहाव्यापासून पुढे आमच्या गणपतीचा गणपत झाला. मंगलाष्टकांचे तर असे हाल झाले की ते नाव आज मोठ्याने वाचवत नाही. या नावांचा अर्थ लावण्यासाठी बंधूंनी एक वही ठेवली होती, अगदी छापखान्यातल्या वहीसारखी. बंधू 2009 साली गेले, आणि वही वाळवीने खाल्ली.

माळ्यावर सापडल्या त्या 63 फ्लॉप्या. चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून गेलेल्या, काहींच्या आत बुरशीचे पांढरे ठिपके. आपल्या मुंबईच्या पावसाला चुंबकीय फीत आणि लोणचे यांत भेद करता येत नाही. फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळणेही सोपे राहिलेले नाही. सोनी कंपनीने जपानातली फ्लॉपीची विक्री 2011 सालीच थांबवली. पुतण्याने कोठून तरी एक ड्राइव्ह पैदा केला आणि म्हणाला, "काका, एकेक उघडून पाहत बसलो तर पुढची दिवाळी येईल. यादी करणारं यंत्रच लिहितो."

त्याचा प्रोग्रॅम काय करतो ते मला समजले तसे सांगतो. 1.44 मेगाबाइटच्या फ्लॉपीवर आरंभीच्या काही कप्प्यांनंतर अनुक्रमणिका असते. तिच्यात 224 ओळींची जागा, आणि प्रत्येक ओळ 32 बाइटची. त्यांत आठ नावाचे, तीन जातीचे, पुढे वेळ, तारीख आणि आकार. प्रोग्रॅम ही अनुक्रमणिका उतरून घेतो. मग प्रत्येक चित्रफाइलीचे पहिले 128 बाइट वाचून चित्राची लांबीरुंदी काढतो, दोन चित्रे ठिपक्याठिपक्याने एकच असतील तर त्यांना एका ओळीत घालतो, आणि शेवटी चित्राची छोटी प्रतिमा व तिच्याखाली नाव असे कागद छापतो. म्हणजे वहीच झाली.

दोन गोष्टी मात्र त्या वहीला कधीच जमल्या नसत्या. डॉसमध्ये फाइल पुसली म्हणजे ती पुसली जात नाही. अनुक्रमणिकेत तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलते आणि जागा मोकळी समजली जाते. प्रोग्रॅमने पुसलेल्या ओळीही वाचल्या. आद्याक्षर हरवलेली 27 नावे निघाली, आणि ज्यांच्या जागेवर नवे काही लिहिले गेले नव्हते अशी 11 चित्रे परत आली. दुसरी गोष्ट तारखांची. संगणकातली बॅटरी मेली की डॉसचे घड्याळ आपल्या पंचांगाच्या आरंभाकडे जाते, आणि ते पंचांग 1 जानेवारी 1980 ला सुरू होते. आमच्या निम्म्या गणपतींचा जन्म त्या दिवशीचा लागला. आयबीएमचा पीसीदेखील ऑगस्ट 1981 मध्ये आला!

63 पैकी 41 फ्लॉप्या पूर्ण वाचल्या, 9 अर्धवट, 13 गेल्या. दुबार काढून टाकता चित्रे उरली 612. त्यांतली परदेशी कोणती, घरची कोणती? पुतण्याने तारखांवरून निवाडा केला. विकत आलेल्या फ्लॉप्यांवर एकेका संचाची तारीख एकच, कारखान्यात बसलेली, आणि नक्कल केली तरी ती तशीच राहते. घरच्यांच्या तारखा वेगवेगळ्या, किंवा मग ती 1980 ची. याच कांदिवलीच्या मातीतून टॉड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने 1930च्या दशकात अश्मयुगीन हत्यारे वेचून थरांप्रमाणे लावली होती. त्यांच्या मागे निदान थर तरी होते. आम्ही 181 चित्रे घरची ठरवली.

तो गठ्ठा वहिनींपुढे ठेवला. त्यांचे वय आता 78. चष्मा पुसून त्यांनी पहिले पान पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा माझा नाही. हा ह्यांनी काढलाय. सोंड बघा ना, नळासारखी." बंधूंनी कधी चित्र काढल्याचे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते पुसलेल्या 11 मधले होते. आपणच काढले, आपणच पुसले, असे दिसते.

मग त्यांनी पेन्सिल मागितली. 1980 च्या तारखा खोडून त्या खरी सालं लिहू लागल्या. त्यांना साल आठवत नव्हते, लग्न आठवत होते. या कलशाच्या वेळी मुलीकडच्यांनी आडनाव चुकल्याचे सांगून पत्रिका परत आणल्या, तो मोर शेजारच्यांच्या मुंजीचा, त्याच महिन्यात धाकटा चालू लागला. लग्नावरून साल पुतण्या काढीत होता. चार संध्याकाळी हे चालले. 181 पैकी 139 चित्रांना साल मिळाले. प्रोग्रॅमच्या यादीत पुतण्याने आता काढणाराचे नाव असा एक रकाना वाढवला आहे. त्यात 170 ठिकाणी वहिनींचे नाव आहे आणि एका ठिकाणी बंधूंचे. उरलेल्या दहा चित्रांवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवले, आणि ती जागा कोरी ठेवावयास सांगितली.