मेंदू-संगणक दुव्याच्या इतिहासातील मुलाचे स्थान

मेंदूत उठणाऱ्या विद्युत्-लहरी टिपून त्यांच्याच आधारे एखादे यंत्र चालविणे, ह्या तंत्रास मेंदू-संगणक दुवा असे म्हणतात. हात, पाय व वाचा ह्यांपैकी काहीच ज्याच्या स्वाधीन नाही, त्यास आपला मनोदय प्रकट करता यावा, हा त्याचा मुख्य हेतू होय. ह्या तंत्राचा इतिहास सांगताना १९२९, १९७३, १९८८ व १९९९ ही वर्षे सहसा सांगितली जातात. ती योग्यच आहेत. परंतु ह्या परंपरेत मूल कोठे होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

आरंभी ते होते. येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर ह्याने १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ मध्ये त्यांवरील पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने घेतलेल्या आलेखांपैकी पुष्कळसे त्याचा किशोरवयीन मुलगा क्लाउस ह्याच्या डोक्यावरून घेतलेले होते. (ह्याच बेर्गरची दुसरी बाजूही नोंदविणे प्राप्त आहे. जर्मनीतील १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्याच्या कक्षेत आनुवंशिक समजली जाणारी गंभीर शारीरिक व्यंगेही येत. त्या कायद्याखालील येना येथील वरिष्ठ न्यायालयात बेर्गर सदस्य म्हणून बसत असे.) केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज ह्यांनी १९३४ मध्ये त्याच्या शोधास पुष्टी दिल्यावर अमेरिकेत स्मिथ व लिंड्स्ली ह्यांनी अर्भकांचे व मुलांचे आलेख घेतले. तीन-चार महिन्यांच्या अर्भकाच्या डोक्याच्या मागील भागावर दर सेकंदास तीन-चार आवर्तनांची लय दिसू लागते आणि वयाबरोबर वाढत ती प्रौढाच्या दहा आवर्तनांच्या आसपास पोहोचते, असे त्यांतून निष्पन्न झाले. मुलाचा मेंदू म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मेंदू नव्हे, ही गोष्ट अशा रीतीने १९४० पूर्वीच ज्ञात होती.

पुढील कार्यात मात्र ह्या ज्ञानाचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही. लॉस एंजेलिस येथील झाक व्हिदाल ह्याने १९७३ मध्ये मेंदू व संगणक ह्यांच्या प्रत्यक्ष संवादाची कल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली. इलिनॉय विद्यापीठातील फार्वेल व डाँचिन ह्यांनी १९८८ मध्ये अक्षरे निवडण्याचे यंत्र सिद्ध केले. सहा ओळी व सहा स्तंभ मिळून ३६ घरांच्या फलकावर ओळी आणि स्तंभ आळीपाळीने उजळत. इच्छित अक्षर उजळले की सुमारे ३०० सहस्रांश सेकंदानंतर मेंदूत एक विशिष्ट लहर उठे व तीवरून संगणक ते अक्षर ओळखी. (देवनागरीची अक्षरे, मात्रा व जोडाक्षरे ३६ घरांत मावणारी नाहीत, हे जाता जाता लक्षात घ्यावे.) ट्यूबिंगेन येथील बिरबाउमर व त्याचे सहकारी ह्यांनी १९९९ मध्ये संपूर्ण लुळ्या पडलेल्या दोन प्रौढ रुग्णांकडून अशाच प्रकारे, परंतु निराळ्या व मंद लहरींच्या साहाय्याने, शब्द लिहवून घेतले.

ह्या सर्व यंत्रांमागे एक गृहीत आहे. त्यांचा वापर करणारा एके काळी बोलत होता, लिहीत होता, चालत होता आणि ते सर्व त्याने गमावले आहे. जन्मतः किंवा जन्मसमयी मेंदूस इजा होऊन तीव्र सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाने काही गमावलेले नसते. त्यास ते मिळालेलेच नसते. जी मूठ त्याने कधी वळली नाही, ती वळण्याची कल्पना कर, असे त्यास सांगणे कितपत सार्थ आहे? अक्षरओळख नसलेल्यास अक्षरांचा फलक काय कामाचा? त्यातच स्नायूंच्या अनैच्छिक आकुंचनाने निर्माण होणारी वीज मेंदूच्या क्षीण लहरींना झाकून टाकते. यंत्रास उत्तर मिळाले नाही, तर दोष मुलाचा की यंत्राचा, हे ठरविणे अशा वेळी दुष्कर होते. बोलता न येणारी मुले मतिमंद ठरवून शाळेबाहेर ठेवली गेल्याचा इतिहास फार जुना नाही. फसलेली चाचणी तोच निवाडा नव्या साधनाने पुन्हा देऊ शकते.

ह्या अडचणीवरील एक उपाय लहरींच्या अभ्यासाबाहेर पूर्वीच सापडला होता. चार्ल्स ब्लिस ह्याने आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी रचलेली व १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेली चिन्हलिपी टोरोंटोतील अपंग मुलांच्या केंद्रात १९७१ पासून न बोलणाऱ्या मुलांना शिकविण्यात आली. तेथे वाचनाची अट नव्हती. चिन्हाकडे नजरेने वा बोटाने निर्देश करणे पुरेसे होते. त्याच केंद्राची उत्तराधिकारी असलेली हॉलंड ब्लूरव्ह्यू ही संस्था आज मुलांसाठी मेंदू-संगणक दुव्याचे संशोधन करते.

कॅनडातीलच कॅल्गरी येथे ॲडम कर्टन व सहकारी ह्यांनी २०१९ मध्ये ६ ते १८ वर्षांच्या २६ निरोगी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. अक्षरफलकाऐवजी तेथे खेळण्यातील मोटार होती व पडद्यावरील दर्शक होता. हाताच्या हालचालीच्या कल्पनेपेक्षा मोटार कोठे न्यावयाची ह्या उद्दिष्टाचा विचार करून मुलांना अधिक यश आले. चाकाची विद्युत्-खुर्ची ह्या दुव्याने चालविण्याचे तीव्र शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांचे प्रयोग २०२२ मध्ये पुढे आले.

कवटीच्या आत विद्युत्-अग्रे बसविण्याचे प्रयोग अधिक स्पष्ट लहरी देतात. परंतु ते प्रामुख्याने प्रौढांवर झाले आहेत. वाढत्या डोक्याचा प्रश्न तर आहेच. शिवाय शस्त्रक्रियेस प्रौढ रुग्ण स्वतः संमती देऊ शकतो. मुलाच्या वतीने ती आईवडील देतात, आणि ज्या मुलाकडे होय किंवा नाही म्हणण्याचे साधनच नाही, त्याचा कौल शस्त्रक्रियेपूर्वी कसा घ्यावयाचा, ह्याची सर्वमान्य पद्धती अद्याप ठरलेली नाही.