फॉर्मच्या पोटातले कागद

पत्रासोबत कागद जोडायची रीत जुनीच. ईमेलवर ती रुळायला सुरुवात झाली १९९२ साली. त्या वर्षी ११ मार्चला नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायकमंडळाचा फोटो आणि गाणं ईमेलला जोडून धाडलं. पुढच्या वर्षी अ‍ॅडोबीची पीडीएफ आली. तिच्या पोटात दुसरी फाइल ठेवायची सोय १९९९च्या अ‍ॅक्रोबॅट ४मध्ये झाली, आणि २००५च्या सुमारास अ‍ॅक्रोबॅट ७ने तिचा चक्क लिफाफा केला: वरचं पान कुणीही वाचावं, आतल्या फाइली पासवर्डवाल्यानेच उघडाव्यात.

असा कुलूपबंद लिफाफा वऱ्हाडात वापरताना मला तरी कुणी दिसलं नाही. इकडे पीडीएफचं पोट ओळखीचं झालं ते २००६ साली, कंपनी मंत्रालयाच्या ‘एमसीए २१’ या ऑनलाइन व्यवस्थेमुळे.

त्याआधी अकोल्याच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड दाल मिलचा ताळेबंद कंपनी निबंधकाकडे, म्हणजे सुमारे ५८० किलोमीटरवर मुंबईला, कागदावर जायचा. पोस्टाने, नाहीतर विदर्भ एक्स्प्रेसने निघालेल्या माणसाच्या पिशवीतून. आता फॉर्मच पीडीएफ झाला. त्यातलं ‘अ‍ॅटॅच’ बटण दाबायचं, ताळेबंद, संचालकांचा अहवाल, ऑडिटरचा अहवाल एकेक करून आत ढकलायचे. उजवीकडच्या चौकटीत नावं उमटली की जिवात जीव. आकाराला मर्यादा काही एमबीची, म्हणून स्कॅन काळा-पांढरा आणि जेमतेम वाचता येईल इतपत. मग ‘चेक फॉर्म’. मग तोच भरल्या पोटाचा फॉर्म ईमेलने अमरावतीच्या संचालकाकडे, डिजिटल सहीसाठी. (सहीचं टोकन नियमाने संचालकाकडेच हवं, ते बहुतेकदा सीएच्या ड्रॉवरमध्येच असायचं, तो भाग वेगळा.)

लपवण्यासारखं यात काही नव्हतंच. दाखल झालेला ताळेबंद फी भरून कुणालाही पाहता येतो. खरी किंमत सहीची होती. सही पडली की आतला एक कागद जरी बदलला तरी ती बाद, पुन्हा पहिल्यापासून. टाचणी सुटून पान गहाळ होण्याची भीती मात्र कायमची गेली.

२०२२पासून हे फॉर्म टप्प्याटप्प्याने थेट संकेतस्थळावर भरायचे झाले. जुन्या फॉर्मची प्रत मात्र अजूनही कुणी मागतं, मोबाइलवर उघडतं. मोबाइलच्या पुष्कळ अ‍ॅप्सना पोटातलं दिसतच नाही, मग फोन येतो, “फॉर्म तर आला जी, बाकीचे कागद कुठी गेले?”